सेहेचाळीस ऐकलं, चौसष्ट लिहिलं

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी मिरजेला ताईकडे गेले. फराळाचं ताट पुढे यायच्या आधी भाचीची गणिताची वही आली. एकाच पानावर तीन ठिकाणी लाल पेनने शेरा होता: ‘लक्ष नाही.’ मुलगी दुसरीत, साडेसात वर्षांची, मराठी माध्यमात. ताई म्हणाली, “तू शिकवतेस ना पहिली-दुसरीला, मग तूच बघ आता. मी रोज तिच्याकडून एक ते शंभर लिहून घेते. तरी शाळेत हे असं.”

पुढचे सहा आठवडे, आधी दहा दिवस तिथे राहून आणि मग फोनवरून, आम्ही घरच्या घरी जे केलं ते इथे लिहिते आहे. ताईला विचारून लिहिते आहे. नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

घरात चौघं. दाजी एसटीत कंडक्टर. ताई घरी शिवणकाम करते. ताईच्या सासूबाई अथणीकडच्या, माहेरची भाषा कानडी. मिरजेत हे नवल नाही, अर्धी गल्ली दोन्ही भाषा बोलते. आज्जी नातीशी लहानपणापासून कानडीतच बोलतात आणि ती उत्तरं कधी कानडीत देते, कधी मराठीत. ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडली. पहिल्या दिवशी मात्र माझ्या ते डोक्यातही आलं नाही.

वहीत काय होतं

घरच्या वहीत एक ते शंभर अगदी सुबक लिहिलेलं होतं, एकही चूक नाही. म्हणून ताईला वाटे की पोरीला सगळं येतं आणि शाळेत ती मन लावत नाही. मी तिला माझ्यासमोर एक पान लिहायला सांगितलं. तिने आधी दहा वेळा वरून खाली ‘४’ लिहून काढले. मग पुन्हा वर जाऊन त्यांच्यापुढे ०, १, २, ३ असं नऊपर्यंत लिहिलं. पान पूर्ण झालं. त्या पानात तिने एकदाही ‘त्रेचाळीस’ हा शब्द मनात आणला नव्हता. वर्गात मी हे असंख्य वेळा पाहिलं आहे. क्रमाने लिहून घेण्यात मुलाचा हात सराव करतो, कान रिकामाच राहतो.

म्हणून मी वीस संख्या तोंडी सांगितल्या, आडव्यातिडव्या. तिने लिहिल्या. अकरा बरोबर, नऊ चूक. शाळेच्या हिशेबात हे वीसपैकी अकरा. पण मुलाच्या चुका मोजण्यापेक्षा त्या मांडून बघाव्यात असं माझं मत आहे, म्हणून आम्ही दोघी बहिणी कागद घेऊन बसलो.

बरोबर आलेल्यांत ३०, ५०, ८० होते. त्यांत उलटं होण्यासारखं काही नाही. ४४ आणि ७७ होते. ते उलटे लिहिले तरी तेच. उरल्या सहा. त्यातल्या चार एकतीसच्या आतल्या, म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज दिसणाऱ्या. पाचवी बावन्न, कारण पत्त्यांचा जोड बावन्नचा हे तिला पक्कं माहीत. सहावी पंच्याहत्तर, कारण आज्जींना मागच्या वर्षी पंच्याहत्तर पूर्ण झाली, तेव्हापासून एसटीचा प्रवास फुकट झाला, आणि तो आकडा घरात कितीदा तरी उच्चारला गेला. थोडक्यात, तिने ऐकून लिहिलेली अशी एकही संख्या बरोबर नव्हती. जी बरोबर होती ती चेहऱ्याने ओळखीची होती.

आणि नऊ चुका? सेहेचाळीसला ६४, त्रेसष्टला ३६, अडतीसला ८३, सत्तावन्नला ७५, ब्याऐंशीला २८. अशा सात सरळ उलट्या. बाकी दोन वेगळ्या: एकोणसाठला ६९ आणि एकोणचाळीसला ४९.

‘लक्ष नाही’ म्हणावं असं यात मला काही दिसेना. उलट पोर फार लक्ष देऊन ऐकत होती. सेहेचाळीसमध्ये आधी सहा ऐकू येतो, मग चाळीस. तिने तसंच लिहिलं, आधी ६, मग ४.

आपल्या संख्यांची अडचण

मोठ्या माणसाला हे जाणवत नाही, कारण आपल्याला शंभर शब्द पाठ होऊन युगं लोटली. पण जरा मोठ्याने म्हणून पाहा. सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर, शहाऐंशी, शहाण्णव. सहा एकच, त्याची रूपं किती! दशकाचंही तेच. पन्नासचं कुठे ‘पन्न’ होतं, कुठे ‘वन्न’. साठचं ‘सष्ट’ होतं, सत्तरचं ‘हत्तर’. त्यावर बोलायचा क्रम एकक आधी आणि लिहायचा क्रम दशक आधी.

बालभारतीच्या २०१९च्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची जोडपद्धत आली ती याच कारणाने. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. त्यांचं म्हणणं होतं की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुलं संख्यांना घाबरतात. तेव्हा केवढं वादळ उठलं होतं! मराठी मोडली जाते आहे इथपर्यंत लोक बोलले. जुने शब्द पुस्तकातून गेले नव्हते, सोबत सोपी वाट दिली होती. नॉर्वेत तर १९५१ साली सरकारनेच दशक आधी म्हणायची पद्धत स्वीकारली. जर्मन मुलं आजही आपल्यासारखीच एकक आधी ऐकतात आणि आपल्या मुलांसारखीच अडखळतात. मला स्वतःला ‘सेहेचाळीस’ हा शब्द प्रिय आहे, तो जावा असं मुळीच वाटत नाही. पण सात वर्षांच्या मुलीला तो शब्द पेलायला आधार हवा, एवढं मान्य करायला काय हरकत आहे?

जे चाललं नाही

मी सोबत सापशिडीचा पट आणि हौसीची तिकिटं नेली होती. पहिले तीन दिवस आम्ही तेच खेळलो. भाची खूष, आज्जीही खूष, रोज संध्याकाळी पट मांडायची घाई. चौथ्या दिवशी पुन्हा वीस संख्या सांगितल्या. नऊ चुका होत्या तिथे नऊच राहिल्या.

विचार केल्यावर कारण उघड होतं. सापशिडीत फाशावर चार पडले की चार घरं पुढे जायचं. घरावर ३८ लिहिलंय की ८३ हे न वाचताही डाव जिंकता येतो. हौसीत मी आकडा पुकारत होते खरी, पण पुकारून झाल्यावर ती सोंगटी सगळ्यांना दाखवत होते, आणि ती ऐकण्याऐवजी चित्र जुळवल्यासारखी तिकिटावर शोधत होती. खेळ चांगले होते. तिची अडचण त्यांच्या वाटेत येतच नव्हती. घरी अभ्यासाचा खेळ निवडताना मी तेव्हापासून एकच प्रश्न स्वतःला विचारते: हा डाव जिंकायला मुलाला नेमकं तेच करावं लागतं का, जे त्याला जमत नाही?

करंज्या

पाचव्या दिवशी आज्जी करंज्या मोजून डब्यात भरत होत्या. काही घरच्या, काही शेजारी द्यायच्या. त्या कानडीत मोजत आणि शेवटचा आकडा नातीला सांगत. ती पाटीवर लिहून ठेवी. आज्जी म्हणाल्या, “नलवत्तारु.” पाटीवर ४६.

मी हातातलं काम टाकून तिथे गेले. कानडीत नलवत्तु म्हणजे चाळीस, आरु म्हणजे सहा. आधी चाळीस, मग सहा, लिहायच्या क्रमानेच. मी आज्जींना म्हटलं, आणखी सांगा. एप्पत्तेरडु. लिहिलं ७२. दहा संख्या सांगितल्या, दहाही बरोबर! तीच मुलगी, तीच पाटी, आणि मराठीत सांगितलं की उलटं.

ताई दारात उभी राहून बघत होती. ती काहीच बोलली नाही. रात्री मला म्हणाली, “मी हिला महिनाभर बोल लावले गं.” मला तिचीही माया वाटली. शेरा वाचून घाबरलेली आई दुसरं काय करणार?

मुलीला स्थानिक किंमत कळते, दशक-एकक कळतात, हे यातून सिद्ध झालं. कच्चा होता तो फक्त मराठी शब्दापासून आकड्यापर्यंतचा पूल. आता काय करायचं ते स्पष्ट झालं होतं. ऐकलेल्या शब्दाची शेपूट आधी पकडायची सवय लावायची.

शेपटीचा खेळ

अंगणात खडूने आठ घरं काढली, विशीपासून नव्वदीपर्यंत, एका ओळीत. मी संख्या सांगायची. तिने शेवटचा आवाज ऐकून त्या घरात धावायचं, आणि मग पहिल्या आवाजाइतक्या उड्या तिथे मारायच्या. त्रेसष्ट म्हटलं की ‘सष्ट’, म्हणून साठीच्या घरात, आणि तीन उड्या. घरात गेल्याशिवाय उडी नाही हा एकच नियम.

पहिल्या दिवशी ती सगळीकडे चुकली, पण हसत हसत चुकली. ‘वन्न’ ऐकून नव्वदीत पळाली. ‘हत्तर’ म्हणजे सत्तर हे तिला खरंच माहीत नव्हतं. मग प्रत्येक घराच्या दारावर आम्ही त्याच्या शेपट्या लिहिल्या: पन्नासच्या दारावर ‘पन्न’ आणि ‘वन्न’ दोन्ही, साठच्या दारावर ‘सष्ट’, नव्वदच्या दारावर ‘ण्णव’. ‘ण्णव’ हा शब्द तिला इतका आवडला की दिवसभर घरात “ण्णव ण्णव” चालू होतं. तिसऱ्या दिवसापासून गल्लीतली आणखी दोन मुलं आली आणि मग मला काही सांगावंच लागलं नाही.

हा खेळ दहा-बारा मिनिटंच. ती “अजून एकदा” म्हणत असतानाच थांबायचं, असं मी ताईला बजावलं. कंटाळा येईपर्यंत खेळवला की दुसऱ्या दिवशी तो अभ्यास होतो.

पहिला आठवडा वही उघडलीच नाही. दुसऱ्या आठवड्यात खडूच्या घरांतून कागदाकडे यायला जुन्या लग्नपत्रिका कापून पट्ट्या केल्या. रुंद पट्ट्यांवर २० ते ९०, अरुंद पट्ट्यांवर १ ते ९. सेहेचाळीस ऐकलं की आधी ४०ची पट्टी ठेवायची, मग तिचं शून्य ६च्या पट्टीने झाकायचं. ४० आत लपलेला असतो हे तिने स्वतःच पट्टी वरखाली करून शोधलं आणि बाबांना दाखवलं.

एकोणची गोष्ट

एकोणसाठचा ६९ ही चूक वेगळ्या जातीची होती. शेपटीचा नियम इथे फसवतो, कारण शेपूट ‘साठ’ आणि घर मात्र पन्नासचं. यासाठी शंभर मण्यांची माळ केली, दहा लाल, दहा पांढरे असे आलटून पालटून. जिल्हा परिषदेच्या शाळांत ही गणितमाळ असते. घरी ती बनवायला एक संध्याकाळ लागते, आणि मुलाला ओवायला बसवलं तर तोच निम्मा अभ्यास.

एकोण म्हणजे एक ऊन, एक उणा. ‘उणे’ शाळेत तिला ठाऊक होतंच. एकोणसाठ म्हटलं की साठाव्या मण्याला चिमटा लावायचा आणि एक मणी मागे यायचं. चिमटा मागे आला की सहावा दहाचा गट अपुरा पडतो: पूर्ण दहा पाचच, म्हणजे पन्नास, आणि वर नऊ मणी. डोळ्याला दिसतं, समजवावं लागत नाही. दोन संध्याकाळी झाल्या आणि तिने विचारलं, “मावशी, मग शंभराच्या आधी एकोणशंभर का नाही?” मी तिला सांगितलं, की बाकी सगळे नववे पुढच्या घराचं नाव लावतात, नव्व्याण्णव एकटा आपल्याच घराचं नाव लावतो. त्या रात्री तिने माळेच्या नव्व्याण्णवाव्या मण्याला हिरवा दोरा बांधला.

कंडक्टर

सगळ्यात जास्त टिकला तो दाजींचा खेळ. त्यांची पाळी संपून ते घरी आले की खाट ही बस आणि भाची कंडक्टर. भाड्याची यादी आम्ही मनाने केलेली. प्रवासी गाव सांगणार, यादी वाचणारी ताई भाडं शब्दांत सांगणार, आणि कंडक्टरने चिठ्ठीवर आकड्यात लिहून तिकीट फाडायचं. उलटं लिहिलं तर प्रवासी भांडणार.

एकदा सेहेचाळीसचे चौसष्ट लागले. दाजी उठून उभे राहिले, “ओ बाई, अठरा रुपये जादा घेताय!” ती इतकी हसली की तिकीटच पडलं हातातून. मग दाजींनी जे सांगितलं ते मलाही नवीन होतं. हिशेबाचा मेळ लागत नसेल आणि फरकाला नऊने भाग जात असेल, तर पहिली शंका अशी की कुठेतरी दोन आकडे उलटे पडलेत. ६४ वजा ४६, अठरा. ८३ वजा ३८, पंचेचाळीस. ६३ वजा ३६, सत्तावीस. दोन अंकी संख्या उलटली की फरक नऊच्या पाढ्यातलाच येतो. “आमची पण मोठी मोठी माणसं उलटं लिहितात,” ते म्हणाले. भाची बराच वेळ बाबांकडे बघत राहिली. मला वाटतं, त्या वाक्याने जे केलं ते माझ्या कुठल्याही खेळाने केलं नसतं.

सवलती तिला घरात ऐकून ठाऊक होत्या. पाच ते बाराच्या मुलाला अर्धं तिकीट, मार्च २०२३पासून बायकांनाही अर्धं, पंच्याहत्तरच्या पुढे प्रवास फुकट. ताई बसमध्ये चढली की सेहेचाळीसचे निम्मे करायचे. ही वजाबाकी-भागाकाराची वाट दुसरीला जड, म्हणून आम्ही बोरं दोन वाट्यांत वाटून दिली. तेवीस आले. आणि चुकून चौसष्टचे निम्मे केले तर बत्तीस येतात, म्हणजे तेवीसच उलटे! हे तिनेच पाहिलं. मग दोन दिवस ती आणखी अशा जोड्या शोधत होती.

काय बदललं, काय नाही

दोन आठवड्यांनी तशाच वीस संख्या फोनवरून सांगितल्या. चार चुका. सहाव्या आठवड्यात नव्या वीस, आणि एकच चूक: सदुसष्टला ७७. ही उलटी नाही, सदुसष्ट आणि सत्याहत्तर कानाला जवळचे वाटतात म्हणून झालेली.

मधे एक चूक माझ्याकडून झाली ती सांगायला हवी. दुसऱ्या आठवड्यात ती कागदावर आधी ६ लिहून डावीकडे जागा सोडायची आणि मग तिथे ४ घालायची. उत्तर बरोबर येत होतं, म्हणून मी काही बोलले नाही. मग ताईच्या मोबाइलवर तिने कॅल्क्युलेटर उघडला आणि सगळं पुन्हा उलटलं, कारण तिथे डावीकडे जागा सोडता येत नाही. म्हणून कॅल्क्युलेटरचाच खेळ केला. मी सांगायचं, तिने दाबायचं, आणि नंतर ‘सगळ्यांची बेरीज माझ्याएवढी आली का’ हे बघायचं. आठवडाभरात हात वळला. ती सवय मी सुरुवातीलाच मोडायला हवी होती.

सगळ्याच मुलांचं कारण हेच असेल असं समजू नये. अक्षरंही उलटी पडत असतील, वाचताना ओळ हरवत असेल, दहापर्यंतच्या वस्तू मोजतानाही गोंधळ होत असेल आणि महिन्यांनी फरक पडत नसेल, तर शाळेतल्या बाईंशी बोलून तज्ज्ञांना दाखवावं. भाचीच्या बाबतीत तसं काही नव्हतं, आणि ते आम्हाला करंज्यांच्या पाटीने सांगितलं.

ताईने एक ते शंभर लिहून घेणं बंद केलं. तिने वर्गशिक्षिकेला भेटून कानडीची गोष्ट सांगितली. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि आता त्या वर्गातही शेपूट विचारतात.

गेल्या रविवारी भाचीचा फोन आला. शाळेत तीन अंकी संख्या सुरू झाल्या आहेत. ‘एकशे सेहेचाळीस’ला तिने १६४ लिहिलं होतं, आणि या वेळी फरक अठराचा आहे हे तिनेच काढून चूक शोधली होती. “मावशी, एकशे आधी म्हणतात, मग सहा, मग चाळीस. हे तर मधेच उलटं आहे!” मी विचारलं, मग काय करायचं? ती म्हणाली, थांब, आणि फोन तसाच ठेवून अंगणात गेली. ताईने नंतर सांगितलं, की आठ घरांच्या पुढे तिने एक मोठा दरवाजा काढला होता. एकशे असेल तर आधी त्यातून जायचं, मग घरात, मग उड्या.